अप्पांची वंडी

४ मे २००६, गुरुवार

नवी नर्सही गेली. अप्पांनी डाव्या हातानं पेजेची वाटी तिच्या अंगावर उलटी केली. पेज कोमटच होती, पण बाई रडत चपला घालून गेटबाहेर. पगार न्यायलाही थांबली नाही.

सासूबाईंनी, अम्मांनी, फरशी पुसली, दुसरी वाटी भरून आणली. ती अप्पांनी निमूट खाल्ली. अम्मांच्या हातून ते सगळं खातात, माझ्या हातून अर्धंमुर्धं, बाकी कुणाच्या हातून नाही. जानेवारीत झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेलेली. डाव्या हातात मात्र सगळा राग शाबूत.

नुंगंबाक्कमला ऑफिसात फोन करून रजा वाढवून घेतली. साहेब म्हणाले, जूनअखेरपर्यंत ठीक, नंतर बघावं लागेल. काय बघावं लागेल ते बोलले नाहीत.

संध्याकाळी अम्मा भाजी चिरता चिरता म्हणाल्या, सहलीच्या वंडीतलं सगळं काढून टाकायचं आहे, सुताराला, त्या सेल्वम आसारीला बोलव. मला वाटलं विकायची असेल. विकायची नाही म्हणाल्या. बाक, ओटा, कपाटं, बर्थ, जे जे ठोकून बसवलंय ते सगळं काढायचं. नुसता डबा उरला पाहिजे.

नवऱ्याला, मुरलीला, सांगितलं तर हसला. म्हणे, उन्हाळा डोक्यात गेलाय तिच्या. होईल शांत.

७ मे, रविवार

अम्मा शांत झालेल्या नाहीत. आज मला घेऊन वंडी उघडली.

घरामागे बदामाच्या झाडाखाली उभी असते. जीपला जोडून ओढायचा हा चाकांवरचा पत्र्याचा डबा अप्पांनी मुरली लहान असताना स्वतः बांधला. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात अधिकारी होते, त्यामुळे आतलं काम आगगाडीसारखं. सगळं सागवानी, सगळं पक्कं, एक वस्तू हलायची नाही. दरवर्षी मे महिन्यात ह्या वंडीतून सहल. लग्नानंतर मीही दोनदा गेले, मग ऑफिसची सबब काढायला शिकले.

आत कुबट वास, पाली, तापलेला पत्रा. अम्मा ओट्यापाशी उभ्या राहिल्या. ओटा अप्पांच्या कमरेला बरोबर. अम्मांच्या तो छातीला येतो. म्हणून त्यांना उभं राहायला एक पाट. तो पाटसुद्धा अप्पांनी जमिनीला स्क्रूनं आवळलेला, म्हणजे स्वैपाक करताना त्या दुसरीकडे कुठं उभ्या राहायला नकोत.

वंडी चालत असताना अम्मा मागे आतच असायच्या. अप्पा आणि पोरगा पुढं जीपमध्ये. गाडी थांबली की जेवण तयार लागायचं. त्यांच्या हातावर कोपरापर्यंत जो भाजल्याचा पांढुरका पट्टा आहे तो ह्या ओट्यावरचा, सेलमच्या अलीकडे कुठंतरी. मी आजवर समजत होते की तो घरचा.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

११ मे, गुरुवार

सेल्वम आसारी आला. पटाशी, पहार, हातोडे. वंडीत डोकावला आणि म्हणाला, हे मोडायचं? असं काम आता कुणी करत नाही. अम्मा म्हणाल्या, साहेबांना विचारून करू.

मग अप्पांची चाकाची खुर्ची बाहेर आणवली. मला वाटलं वाऱ्याला बसवताहेत. बदामाच्या सावलीत, वंडीच्या दारासमोर, ब्रेक लावून. पाणी पाजलं, खांद्यावर टॉवेल नीट केला.

"ह्यांना विचारते," असं सेल्वमला तामिळमध्ये सांगून अम्मा वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "वरची कपाटं काढू म्हणून आहे. काढू की?"

अप्पा म्हणाले, "सरी."

झटक्यानंतर त्यांना हा एकच शब्द उरलाय. सरी, म्हणजे बरं, ठीक, चालेल. पाणी हवं तर सरी. पाणी नको तरी सरी. डॉक्टर म्हणाले, जीभ तिथं अडकली आहे, अर्थ धरू नका. नको असेल तर ते डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवतात. हे घरातल्या सगळ्यांना माहीत. अम्मांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

आज त्यांनी दांडा असा बडवला की खुर्ची हलली. सरी, सरी, सरी. चेहरा लाल, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ.

अम्मांनी लाळ पुसली. सेल्वमकडे वळून म्हणाल्या, साहेब सरी म्हणाले. त्यानं अप्पांना नमस्कार केला आणि आत गेला. त्याला काय माहीत.

मला माहीत होतं. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

१२ मे, शुक्रवार

कपाटं निघाली. एकही सरळ निघालं नाही, सरसानं चिकटवून वर स्क्रू मारलेले. पहार लावली की लाकूड ओरडतं, तसा आवाज. प्रत्येक आवाजाला अप्पांचा हात.

दुपारी मी अम्मांना म्हटलं, त्यांना आत घेऊया, ऊन आहे. म्हणाल्या, सावली आहे की. खरंच होती. त्यांनी खुर्ची सावलीबरोबर सरकवत ठेवली होती.

रात्री अम्मांना अप्पांच्या पाठीला तेल लावताना पाहिलं. इतके महिने झाले, त्यांच्या अंगावर पडून राहिल्याचा एक व्रण नाही. इतक्या निगुतीनं तर मी माझ्या आईचंही केलं नसतं.

१५ मे, सोमवार

मुरली दिल्लीला. कंपनीचं काम, महिनाअखेरीला येईल. जाताना अम्मांना बजावून गेला की मी परत येईपर्यंत पुढचं काही मोडू नका. अम्मा म्हणाल्या सरी.

आज जेवणाचं घडीचं टेबल गेलं. अप्पांना विचारून.

मी स्वैपाकघरात राहिले. डांगर पचडीसाठी पीठ कालवत बसले. खिडकीतून दिसत होतंच.

मला वाईट वाटतंय का, हे तपासून पाहिलं. वाटतंय. पण त्याच्याखाली दुसरंही काहीतरी आहे, ते बरं वाटण्यासारखं. पुण्याच्या बढतीची आठवण काढायची नाही असं ठरवलं होतं. काढते. ऑफिसनं मला पुण्याची जागा देऊ केली तेव्हा फोन घरी आला, अप्पांनी घेतला, आणि सूनबाईंना यायचं नाही असं परस्पर सांगून टाकलं. मला कळलं तेव्हा तिथं दुसऱ्या कुणाचं टेबल लागलं होतं. विचारलं तर पेपरावरून मान वर न करता म्हणाले, जायचंच नव्हतं तर तुला सांगून काय करायचं? मुरली म्हणाला, तुझ्या भल्यासाठीच ना. सांगलीला आईला फोन करून रडले. तीही तेच म्हणाली.

दुपारी कॉफी देताना अम्मांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. 

२१ मे, रविवार

टी. नगरहून आत्या आल्या, अप्पांच्या धाकट्या बहीण. भावाला पाहून रडल्या, मग जेवल्या, मग नेहमीची गोष्ट. प्रत्येक लग्नामुंजीत निघते ती.

सहलीत एकदा पळणीला अम्मांना देवळातून यायला उशीर झाला. अप्पा थांबले नाहीत. वंडी घेऊन पुढं गेले, पोराला म्हणाले, गंमत बघ. अम्मा दिवसभर देवळाच्या पायऱ्यांवर. अंगावर पैसे नाहीत, चपला वंडीत. दिवेलागणीला अप्पा परत आले तेव्हा म्हणे ह्या तिथंच बसलेल्या, एका माकडाशेजारी. माकडाशेजारी म्हटलं की आत्या हसून लोटपोट होतात. सगळेच होतात. मीही पूर्वी हसलेय.

अम्माही हसल्या आज. मग अप्पांना म्हणाल्या, "आत्यांना दाखवू की, बाक कसा निघतो तो? उद्या काढू?"

"सरी," अप्पा म्हणाले. दांडा बडवला. आत्यांना वाटलं, भाऊ हसतोय. त्यांनी त्याच्या गालावर हात फिरवला.

२२ मे, सोमवार

बाक निघाला. ओटा आणि पाटही. पाटाचे स्क्रू गंजलेले, सेल्वमनं ते छाटले. अम्मांनी पाट चुलीत घातला नाही की फेकला नाही. नुसता पलीकडच्या ढिगावर टाकायला सांगितला, बाकीच्या लाकडासारखा.

२७ मे, शनिवार

अम्मांना ताप. डॉक्टर म्हणाले, उष्म्यानं आलाय, दोन दिवस पडून राहू दे. सेल्वम आला होता, त्याला परत पाठवते म्हटलं. अम्मांनी डोळे उघडले. बर्थ राहिलाय, म्हणाल्या, त्याची रोजी बुडेल. तू विचार.

मी नाही म्हणाले. त्यांनी जोर केला नाही. पुन्हा डोळे मिटले.

अप्पांना बाहेर नेलं. नेहमीच्या जागी ब्रेक लावला. सेल्वम बिडी विझवून उभा. अप्पा माझ्याकडे बघत होते. मला वाटतं त्यांना जरा बरं वाटलं होतं, आज ही आहे म्हणून.

मी विचारलं, "अप्पा, बर्थ काढू ना?"

 त्यांनी हात उचलला नाही. माझ्याकडे पाहत राहिले. मग डोळ्यांतून पाणी. झटक्यानंतर डोळ्यांतून पाणी येतंच, डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. मग हळूच, "सरी." आणि मग हात, एकदाच.

मी सेल्वमला म्हटलं, सरी म्हणाले.

बर्थ निघायला सगळा दिवस लागला. खाली अप्पांनी पितळेच्या पट्ट्या बसवल्या होत्या, कुणाला कधी न दिसणाऱ्या. त्यांची जागा ऐसपैस, गादी भरायला खोलगट. अम्मांची फळी पाण्याच्या टाकीवर होती, कूस बदलायची तर उठून बसावं लागेल इतकी अरुंद. दोन्ही एका ढिगावर.

संध्याकाळी अम्मांना पेज दिली. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कळलं त्यांना.

झोप येत नाही असं लिहायला हवं खरं तर. दुपारी छान झोपले होते.

३ जून, शनिवार

मुरली परत आला. बॅगही न ठेवता मागच्या अंगणात गेला. ढीग पाहिला. रिकाम्या वंडीत चढून बराच वेळ आत उभा राहिला. बाहेर आला तो रडत. बाप पडला त्या दिवशीही हा असा रडला नव्हता.

आमची वंडी, म्हणत होता, माझं सगळं लहानपण ह्यात आहे, अप्पांनी एकेक फळी स्वतः रंधली होती. त्याला आठवतं ते अप्पांशेजारी जीपमध्ये बसून पाहिलेला रस्ता. त्याच्या लहानपणात मागचा डबा नाहीच.

मग माझ्यावर. तू काय करत होतीस? मी म्हटलं, रजेवर आहे, तुझ्या वडिलांचं करत होते.

मग अम्मांवर. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तू त्यांना छळतेयस," मु. म्हणाला.

"छळते कसली? विचारते. एकेक गोष्ट विचारूनच केली. ह्यांनी मला कधी काय विचारलं, तूच सांग. तू तिथं होतास की."

मु.ला आठवेना. खरंच आठवेना, ते नाटक नव्हतं.  अम्मांनी ताट सरळ करून पुन्हा खडे वेचायला घेतले. खोलीत अप्पा पडले होते, दार उघडं होतं.

मी बर्थचं सांगितलं नाही. अम्मांनीही नाही.

९ जून, शुक्रवार

मु.नं वाचा शिकवणारी बाई आणली. इथं अड्यारलाच दवाखाना आहे तिचा. तरुण आहे, नाव वासंती. आवाज गोड पण कामाला पक्की. चित्रांचे पत्ते दाखवले, अप्पांनी बहुतेक बरोबर ओळखले, बोट ठेवून. समज सगळी आहे, म्हणाली. म्हणजे त्यांना सगळं कळतंय. आम्हाला काही नवीन नव्हतं.

मग तिनं अम्मांना तामिळमध्ये विचारलं: सरी म्हणतात ते खरा होकार असतो का? की कशालाही सरीच म्हणतात? नकार दुसऱ्या कशानं दाखवतात का? हे कळलं तर मी हाताची किंवा पापणीची अशी काही खूण पक्की करून देईन, मग घरातल्यांना त्यांचं मन कळेल.

अम्मा म्हणाल्या, खराच असतो. मनापासून म्हणतात.

अप्पा दांडा बडवू लागले. वासंतीनं तिकडे पाहिलं. अम्मा म्हणाल्या, ते रागानं, आधीपासूनच रागीट आहेत. मग ती बाई माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, मला तामिळ नीट समजत नाही.

इतकी वर्षं ह्या गावात राहून. भाजीवाल्याशी भांडते मी तामिळमध्ये.

तिनं वहीत काहीतरी लिहिलं, नंबर दिला, काही वाटलं तर फोन करा म्हणाली. मु. तिला सोडायला गेला. तो ऑफिसच्या फोनवर बाहेर होता, त्यानं ह्यातलं काही ऐकलं नव्हतं.

अम्मांनी माझ्यासमोर कॉफी ठेवली. साखर बरोबर माझ्यापुरती. मी प्याले.

१४ जून, बुधवार

नवीन भानगड. वंडी खिळखिळी झाली. आतलं सगळं ठोकून बसवलेलं होतं, त्यानंच पत्र्याच्या भिंती ताठ धरलेल्या होत्या. ते निघालं तसा डबा हात लावला तरी डुगडुगतो. रस्त्यावर नेली तर छप्पर फाटेल, म्हणाला मु. मोटारीचे सांगाडे हे त्याचं रोजचंच काम.

आणि मग गंमत. तीन संध्याकाळी तो वंडीतच. टेप घेऊन मापं, कागदावर आकृत्या, कुठं चौकोनी पाइप घालायचे, कुठं कमान. सेल्वमला, वेल्डिंगवाल्याला हुकूम. खिडकी ह्या बाजूला नको, त्या बाजूला. रडणं कुठच्या कुठं गेलं. शीळ घालतो.

अम्मांना खिडकी कुठं हवी हे त्यानं विचारलं नाही. त्या दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. अप्पांकडे बघतात त्याच नजरेनं. 

मी म्हटलं, अरे, त्यांना विचार तरी. मु. म्हणाला, तिला काय कळतंय त्यातलं.

१७ जून, शनिवार

अम्मांनी वेल्डिंगवाल्याला परस्पर सांगून खिडकी हवी तिथं कापून घेतली. बसल्यावर बाहेरचं दिसेल इतकी खाली. मु. ऑफिसातून आला तेव्हा काम झालेलं. चिडला, मग गप्प बसला. पहिल्यांदाच पाहिलं त्याला गप्प बसताना.

१८ जून, रविवार

अम्मांबरोबर टी. नगर. गर्दीत माझा दंड धरून चालतात, लहान मुलीसारख्या. एक वेताची खुर्ची घेतली, हात असलेली. बसून बघितल्या, दुकानदार कंटाळेपर्यंत. एक बुटकं टेबल, शेगडी ठेवायला. त्यांच्या उंचीचं. मग दवाखान्याच्या सामानाच्या दुकानातून लोखंडी खाट, बाजूला कठडे असलेली, आणि कापडी पट्टे.

मी विचारलं, पट्टे कशाला? गाडी वळताना पडायला नकोत म्हणाल्या.

तेव्हा कळलं वंडी कशासाठी रिकामी केली ते. ऑटोत दोघींच्या मांडीवर खुर्ची. अम्मा सांगत होत्या, तंजावरला आधी माहेरच्या देवळात जाणार, मग पुढं जिथं वाटेल तिथं, जिथं थांबावंसं वाटेल तिथं. हेही येतील. ह्यांच्याशिवाय मी कुठं जाणार?

बोलताना अगदी मुलीसारख्या खुशीत होत्या. मला इतक्या आवडल्या, आणि अंगावर काटाही आला.

२० जून, मंगळवार

खाट जमिनीला बोल्टनं आवळली. मागच्या काचेकडे तोंड करून. झोपून मागे पडत जाणारा रस्ता दिसेल, पुढचा नाही. मी म्हटलं फिरवून लावू. सेल्वम म्हणाला, अम्मांनी असंच सांगितलंय.

२४ जून, शनिवार

मु.ला सांगितलं अम्मांनी. ड्रायव्हर ठरलाय, जीप दुरुस्त झाली, येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी निघणार.

मला वाटलं आता हा घर डोक्यावर घेईल. आजारी माणूस, पत्र्याचा डबा, हे उन्हाचे दिवस. तो बराच वेळ नखं बघत होता. मग विचारलं, किती दिवस? अम्मा म्हणाल्या, बघू. म्हणाला, फोन नीट करत जा, औषधं नीट ने.

बस. एवढंच.

रात्री म्हणाला, तुलाही ऑफिस सुरू करता येईल ना मग. आणि घर जरा मोकळं. आवाज दबका होता पण आतून सुटल्यासारखा. ह्या घरात लग्नापासून आम्ही दोघंच असे कधी नव्हतो. त्यानं माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही.

हे सगळ्यात वाईट. अम्मांचं मला कळतं तरी.

२६ जून, सोमवार

ऑफिसला कळवलं, पुढच्या सोमवारी हजर होते. साहेबांचा आवाज बदलला, या या म्हणाले.

अम्मांना विचारलं, वाटेत मागे अप्पांजवळ कोण बसेल? त्या म्हणाल्या, मी पुढं बसणार, ड्रायव्हरशेजारी, मला रस्ता बघायचाय. थांबत थांबत जाऊ, थांबलो की ह्यांना बघीन.

मी म्हटलं, ते एकटे घाबरतील. बोलता येत नाही, हाकही मारता येणार नाही.

"मीही कुठं मारत होते?" अम्मा म्हणाल्या. रागानं नाही, घड्या घालता घालता. अप्पांचे सदरे एकावर एक, प्रत्येकाची बटणं तपासून.

२ जुलै, रविवार

अम्मा शेजारी निरोप घ्यायला गेल्या होत्या, मु. जीपच्या चाकांत हवा भरायला. घरात अप्पा आणि मी.

खाटेजवळ बसले. ठरवून बसले. म्हटलं, अप्पा, नीट ऐका. तुम्हाला जायचं नसेल तर हात आपटा. मी मुरलीला सांगते, त्या वाचेच्या बाईला फोन करते. आजच करते. तुमचं सरी म्हणजे होकार नाही, हे मी सगळ्यांना सांगेन. नको असेल तर फक्त एकदा हात आपटा.

मी खरंच केलं असतं. माझा विश्वास आहे की केलं असतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या शनिवारी वंडीसमोर पाहिलं होतं तसंच. डावा हात पांघरुणावर, सरळ. तो हलला नाही. तोंडानं सरीही म्हणाले नाहीत. मग मान भिंतीकडे वळवली.

जायचंय त्यांना? की माझ्याकडे काही मागायचं नाही?

पुन्हा विचारावं म्हणून तोंड उघडलं तर गेट वाजलं. अम्मा आल्या. केळीच्या पानात शेजारणीनं दिलेला मोगरा. त्यांनी तो माळला, थोडा काढून अप्पांच्या उशाशी ठेवला.

३ जुलै, सोमवार

निघाले. मु. आणि ड्रायव्हरनं अप्पांना उचलून खाटेवर ठेवलं. अम्मांनी स्वतः पट्टे लावले, खाली बोटं घालून बघितलं, घट्ट नाहीत ना. केस विंचरले त्यांचे. कपाळाला अंगारा. मग वेताची खुर्ची खिडकीशी सरकवून ठेवली, शेगडीचं टेबल बांधलं, दार लावलं आणि पुढं जीपमध्ये जाऊन बसल्या. पदर खोचून, पाय एकमेकांवर.

मु. काचेसमोर हात हलवत होता. मागच्या काचेतून अप्पांचा चेहरा दिसत होता. ते मु.कडे बघत नव्हते. माझ्याकडेही नाही. वर, पाइपांच्या त्या नव्या कमानीकडे.

मी बस पकडून ऑफिसला गेले. माझं टेबल खिडकीजवळून हलवून फायलींच्या कपाटाशेजारी केलंय. चालेल.

६ जुलै, गुरुवार

सकाळी ऑफिसात फोन. अम्मा. एस.टी.डी. बूथवरून, मागे बसचे आवाज. तंजावर झालं, आता समुद्राच्या बाजूला निघालोत. काल एका तळ्यापाशी दिवसभर थांबलो, कमळं होती. ड्रायव्हर चांगला आहे, मुकाट्यानं थांबतो. रात्री वंडीतच निजते, ह्यांच्याजवळ खुर्ची घेऊन. तू कशी आहेस, जेवतेस ना?

मी विचारलं, अप्पा?

छान आहेत. इडली खाल्ली. अंग पुसलं. वारं लागतंय चांगलं.

म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लावता येईल का, वंडी जवळच असेल तर ड्रायव्हरला सांगून चाकाच्या खुर्चीतून आणा ना. दोन शब्द बोलते मी.

अम्मांच्या मागे एक बस हॉर्न वाजवत गेली. मग म्हणाल्या, झोपलेत.

मी म्हटलं, मग उठल्यावर करा.

बघू, म्हणाल्या. परवा तेरवा करीन.

फोन ठेवल्यावर पर्स उघडली. वासंतीचा नंबर आतल्या कप्प्यात आहे. तो फोनशेजारी ठेवला. पण सांगणार काय? की माझे सासरे सासूबाईंबरोबर सहलीला गेलेत आणि झोपलेत?

साहेबांनी बोलावलं. मार्चपासूनची थकलेली कामं माझ्याकडे दिलीत, आज निदान एक गठ्ठा संपवा म्हणाले. गठ्ठा घेऊन बसले. नंबरचा कागद वाऱ्यानं उडायला लागला, त्यावर स्टेपलर ठेवला.

दुपारच्या जेवणाआधी फोन करते.